मिस्त्रींनी आवळलेले बोल्ट

कट् असा आवाज आला आणि हातातला पाना एकदम हलका झाला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. बघायची गरजच नव्हती. गाडीच्या पाण्याच्या पंपाचे तीन बोल्ट निमूट निघाले होते. चौथ्याचं डोकं पान्यात आलं होतं आणि धड इंजिनात रुतून बसलं होतं.

"तुटला का?" खुर्चीवरून मास्तरांनी विचारलं. गाडी त्यांची, वीस वर्षांची. निवृत्त माणसाला वेळेची काय कमी, त्यामुळे सकाळपासून ते तिथेच ठाण मांडून होते.

"तुटला."

"मिस्त्रींच्या हातून कधी तुटला नाही हो," मास्तर हळहळले. माणूस मनाने साधा, पण बोलणं नेमकं वर्मी लागलं. दाराशी चिंध्या फाडत बसलेल्या सासूबाईंचा हातही क्षणभर थांबला.

मिस्त्री म्हणजे वहिनींचा नवरा. ते जाऊन आठ महिने झाले होते. पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून वहिनी सगळं काम शिकल्या होत्या. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायच्या. पण मिस्त्री गेले आणि वहिनींच्या हातात बोल्ट तुटायला लागले. हा सातवा. तुटके तुकडे एका पत्र्याच्या डब्यात साठत चालले होते. जुनी गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नसत, फक्त एकेक करून यायची बंद झाली होती. शेवटी कालच वहिनींनी दिराला फोन केला होता.

"भाऊजी, उद्या संध्याकाळी या आणि गॅरेजच्या किल्ल्या घेऊन जा. माझ्या हाताला यशच नाही."

म्हणजे ही शेवटची गाडी, आणि तिनेही असा दगा द्यावा! वहिनींचे डोळे भरून आले. पण रडल्याने बोल्ट निघत नाही. तीन बोल्ट निघालेलेच होते, पंप हलवून हलवून त्यांनी उतरवला. धडाचं टोक जरासं बाहेर डोकावत होतं. त्यावर एक नट ठेवून त्यांनी वेल्डिंग मारलं, दोघांना एकजीव केलं, गार होऊ दिलं आणि तेल सोडलं. मग पाना लावला. पाव फेरा इकडे, थोडा परत मागे, पुन्हा तेल. पाऊण तास हेच चाललं. मास्तरांनी तेवढ्यात दोन डुलक्या काढल्या.

"निघाला!" वहिनी ओरडल्या तेव्हा ते दचकून जागे झाले.

वहिनींनी धड पुसलं, त्याला तुटकं डोकं जोडून पाहिलं आणि शेजारी नवा बोल्ट ठेवला. जुना किंचित लांब भरत होता. मोडला होता तिथे त्याची कंबर बारीक झाली होती. गंजाने मोडलेला बोल्ट असा होत नाही. गरजेपेक्षा जास्त आवळला की तो ताणला जातो, आणि मग कधीतरी सोडवायला गेलं की मान टाकतो.

त्यांनी घाईघाईने तो पत्र्याचा डबा उपडा केला. सगळे तसेच, कंबर बारीक झालेले. कुणाकुणाच्या गाड्यांचे? सातही जुन्या गिऱ्हाइकांच्या. या आठ महिन्यांत नवी म्हणून जी गिऱ्हाइकं आली, मिस्त्रींचा हात ज्यांच्या गाडीला कधी लागलाच नव्हता, त्यांचे बोल्ट शहाण्यासारखे सुटले होते.

वहिनींना आधी हसू आलं, मग असा राग आला की मिस्त्री समोर असते तर त्यांची धडगत नव्हती. पण दाराशी त्यांची आई बसली होती. वहिनींनी तुकडे पुन्हा डब्यात भरायला घेतले.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. जास्त आवळलेला होता, म्हणून तुटला."

"कुणी आवळलेला?"

वहिनी तुकडे गोळा करत राहिल्या. सासूबाई उठून आल्या, त्यांनी ते तुकडे हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले.

"बरण्यांची झाकणंसुद्धा अशीच लावायचा मेला," त्या म्हणाल्या. "उघडताना माझे हात सोलून निघायचे." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, सुनेच्या हातात खोट नाही. ही माझ्या लेकाची करणी. तो आवळून मोकळा झाला, ही बिचारी सोडवत बसलीय."

मास्तर ओशाळले. चष्मा काढून पुसू लागले.

"मग असं करा," ते म्हणाले, "माझ्या भावाची गाडीही मिस्त्रींनीच केलेली आहे. उद्या पाठवतो. तीही एकदा सोडवून, नीट बसवून ठेवा."

पंप बसवून मास्तरांची गाडी गेल्यावर वहिनींनी दिराला फोन लावला. "भाऊजी, संध्याकाळी या, चहाला या. किल्ल्या मात्र मिळायच्या नाहीत."

चहाची तयारी करताना साखरेच्या डब्यामागे वहिनींना एक काचेची बरणी दिसली. साखरेने गच्च भरलेली, झाकण घट्ट.

"आई, ही कधीची?"

"त्यानेच भरून ठेवलेली, जायच्या आदल्या आठवड्यात. मला उघडेना, म्हणून साखरेला हा डबा काढला."

वहिनींनी हात पुसले, फडकं घेतलं आणि झाकणाला हात घातला. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"गाड्या सगळ्या सोडव तू," त्या म्हणाल्या. "ही एवढी राहू दे."

वहिनींनी बरणी दोन्ही हातांनी उचलून होती तिथे ठेवली आणि डब्यातली साखर घेतली.