जत्रेआधीची हजेरी

पोलीस पाटील खेमसिंग राठोड यांना गाव चांगला माणूस म्हणे, आणि या मतात ते स्वतः सर्वांच्या पुढे होते. महाशिवरात्रीची जत्रा आली की बेड्यावरचे, म्हणजे गावाबाहेरच्या पारधी वस्तीतले, सगळे बापे, म्हातारे-तरणे पुरुष, ठाण्यात नेऊन बसवायचे, जत्रा उठली की परत आणायचे, ही इथली जुनी रीत. गुन्हा नाही, कागद नाही. आधीचे पाटील शिव्या देत न्यायचे. खेमसिंग 'चला बापा' म्हणत न्यायचे आणि वाटेत चहा पाजायचे. चहाचं पुण्य आपल्या जमेला, नेण्याचं पाप सरकारच्या नावे.

यंदाही परवाच त्यांनी सगळ्यांना पोचवलं. बेड्यावरच्या रुपीबाईचा नवरा देवराव तेवढा निघताना अडून बसला होता.

"पाटील, जत्रेत मले फुगे विकाचे हायेत. औंदा नका नेऊ."

"तुमच्याच भल्याचं हाय रे. आत असले तं आळ तरी येत नाही."

आणि खेमसिंगना ते खरंच वाटत होतं. देवरावलाही त्यांनी नेलंच.

आज सकाळी अडते दिगंबरराव बोंबलतच दारात आले. रात्रीतून गोदामाचं कुलूप तुटलं, बोरी अरबच्या बाजारात न्यायची तुरीची पोती गेली. खेमसिंगनी ठाण्यात फोन लावला. जमादारानं विचारलं, "संशय कोणावर?" उचकी लागावी तसं पाटलांच्या तोंडून निघालं, "बेड्यावर पाहून घ्या."

फोन ठेवला आणि मग त्यांना आठवलं. बेड्यावरचा एकूणएक बाप्या ठाण्यात होता. त्यांनीच नेऊन बसवला होता. त्यांनी पुन्हा फोन लावला. कोणी उचलेना. गाडी निघाली होती.

ते मोटारसायकलवर बेड्यावर पोचले तोवर जीप उभी होती आणि जीपमागं अर्धं गाव. रुपीबाईच्या झोपडीतून जमादारानं अर्धं पोतं तूर बाहेर ओढली होती.

"कुठून आणली?"

"सरवा वेचला, साहेब. लोकायची तूर निघाल्यावर वावरात पडलेल्या शेंगा. यायनंच तं वेचू देल्ल्या." तिनं गर्दीकडं हात केला.

ज्यांनी वेचू दिल्या होत्या, ते आपापल्या चपला पाहू लागले. बाई शिपायानं रुपीबाईचा दंड धरला. कडेवरचं पोर किंचाळलं.

"जमादार साहेब," खेमसिंग पुढे झाले, "यायचे माणसं परवापासून तुमच्याच ठाण्यात हायेत. मंग चोरी कोणं केली?"

"बाया नाहीत का? आन् तुमीच तं सांगतलं फोनवर, बेड्यावर पाहा म्हणून."

रुपीबाईनं मान वळवून पाटलांकडं पाहिलं. रागानं नाही. कित्येक दिवस न जुळणारी बेरीज आत्ता जुळली, तसं.

"सांगतलं म्या," खेमसिंग म्हणाले. "काही पाहून नाही सांगतलं. सवयीनं सांगतलं."

"मंग संशय कोणावर ते बोला ना!" दिगंबरराव तापले. "पाटील हाय तुमी!"

"मले माहीत नाही."

पाटलाच्या तोंडून हे गावानं कधी ऐकलं नव्हतं. तशी पाळीच आली नव्हती. बेडा होता, म्हणून गावात न उलगडलेली चोरी नव्हती. चोर सापडत नसे ती गोष्ट वेगळी, पण त्यानं कोणाचं अडत नसे.

गर्दीतून कोणीतरी हसत म्हणालं, "बेडा नाही, तं मंग तांडाच पाहा लागते!"

तांडा म्हणजे खेमसिंगची स्वतःची बंजारा वस्ती. आजाच्या काळी तांड्यालाही चौकीवर जाऊन हजेरी द्यावी लागे, घरात हे कुजबुजत सांगत. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. बाई जीपमध्ये जाईल आणि तांडा वाचेल. सौदा स्वस्तात पटत होता.

"पाहा," ते म्हणाले, आणि आवाज चिरकला. "माह्या घरापासून सुरू करा. मंग दिगंबररावाचं, मंग समद्यायचं. गाव म्हणजे समदं गाव."

"गावभर झडती?" जमादार हसले. "त्याले कागद लागते, पाटील. कोण देईन?"

"मंग इथं कोणं देल्ला?"

हसू थांबलं. बाई शिपायानं जमादारांकडं पाहिलं आणि रुपीबाईचा दंड सोडला.

"पाटीलकी जाईन तुमची," जमादार हळूच म्हणाले.

"जाईन तं जाईन. यायचे माणसं सोडा आता."

"ते जत्रा झाल्यावर."

"काहून?" रुपीबाई म्हणाली. "ते आत असतानीच चोरी झाली ना?"

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ठाण्याच्या वाटेला लागली. मागोमाग बेड्यावरच्या साऱ्या बाया निघाल्या. खेमसिंगनी मोटारसायकल तिच्याशेजारी आणली. "बस बाई, मी पोचवतो."

"तुमी लय पोचवलं, पाटील," ती न थांबता म्हणाली. "आता गाडी राहू द्या अन् पुढं चाला. फोनवर काय सांगतलं, अन् काहून, ते ठाण्यात आमच्या माणसायसमोर बोला. आमी मागं उभ्या राहून ऐकतो."

खेमसिंगनी गाडी बाभळीखाली लावली आणि ते बायांच्या पुढे चालू लागले. चावी गाडीलाच राहिली.