खिडकीवाला पिच्चर आणि माझं शटर

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, असं छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत होत नाही. कारण माझ्यात आता टीव्ही उरलेलाच नाही. काच गेली, आतलं यंत्र गेलं. राहिलं ते लाकडी खोकं, चार पाय आणि पुढचं सरकतं शटर. पोटात काचेच्या जागी घरच्या म्हाताऱ्या जैनबबींच्या गोळ्यांचे डबे, सुईदोरा आणि चष्म्याचं घर असतं. तरीही मला दिसतं नि ऐकू येतं. कसं, ते विचारू नका. मलाच ठाऊक नाही, आणि त्याचा विचार केला की माझी आणखी एक काळजी वाढते.

काळजी करणं हा माझा स्वभावच आहे. कारखान्यातून निघालो तेव्हाच माझ्या पुठ्ठ्यावर लाल शाईचा ठसा होता, ‘नाजूक. सांभाळून.’ ज्याच्या अंगावर जन्मतःच असं लिहिलेलं असतं तो निर्धास्त कसा राहणार? अकोल्याच्या दुकानातून जैनबबींच्या नवऱ्याने, म्हणजे छोट्या अय्युबच्या अब्बांनी, मला विकत घेतलं. त्यांचं दर्यापूरला गाद्या-रजयांचं दुकान. दोन नव्या कोऱ्या रजयांत गुंडाळून त्यांनी मला जीपमध्ये बसवलं आणि स्वतः मला धरून बसले. मला एकही धक्का लागला नाही, तरी दर्यापूर येईपर्यंत माझा जीव मुठीत होता.

त्या काळी मोहल्ल्यात टीव्ही असा मी एकटाच. शेजारचे जानराव माळवदावर चढून अँटेना फिरवायचे आणि खाली त्यांचा मुलगा धर्मेंद्र ओरडायचा, “मुंग्याच हायेत बाबा! अजून फिरवा!” मुंग्या म्हणजे माझ्या काचेवर नाचणारे पांढरे ठिपके. चित्र आलं की सगळी खोली खूश व्हायची, आणि मी मात्र ते आता जाईल की मग जाईल याच धास्तीत असायचो. लोक दुकानासाठी आणलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून बसत. अय्युब आणि धर्मेंद्र, दोघे एकाच वर्गातले पोट्टे, सगळ्यांत पुढे. या घरात उर्दूही चाले आणि वऱ्हाडीही, आणि माणसं घाबरली की दोन्ही एकदम.

एकदा बातम्यांनंतर एक भुताचा पिच्चर लागला. तो थिएटरचा नव्हता, खास टीव्हीसाठी बनवलेला होता. त्याचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळे त्याला ‘खिडकीवाला पिच्चर’ म्हणत. गावात बदलून आलेला एक मास्तर, भाड्याची खोली आणि एक खिडकी. मास्तर ती झोपताना आतून कडी लावून बंद करतो आणि सकाळी ती सताड उघडी असते. बस. बनवणाऱ्यांकडे पैसा नव्हता हे मला आतून साफ दिसत होतं. चंद्र कागदाचा होता. मास्तरच्या घरातला पडदाच पुढे पोलीस पाटलाच्या घरात टांगला होता. पण पैसा नव्हता म्हणूनच त्यांनी भीती सगळी कडी, पडदा आणि थांबण्यातून काढली. कडी हलायची आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. तो बराच वेळ माझ्याच्याने सोसवत नसे.

आणि एक गंमत सांगू? थिएटरातलं भूत थिएटरात राहतं. पिच्चर सुटला, दिवे लागले, माणसं घरी गेली. मी दाखवलेलं भूत मात्र घड्याळाच्या आणि पाण्याच्या माठाच्या शेजारीच उभं राही. पिच्चर संपल्यावर त्याच खोलीतून उठून पाणी प्यायला जावं लागे. त्या दिवशी मोहल्ल्यातलं कोणीही एकटं घरी गेलं नाही. जानरावांच्या घरच्यांना पोचवायला अब्बा गेले आणि अब्बांना परत आणून सोडायला जानराव आले.

शेवटी ती खिडकी आपोआप उघडते आणि भुताचा चेहरा दिसतो. पण तो दर्यापुरात कोणी पाहिलाच नाही! कडी हलू लागली तसा छोटा अय्युब कानांवर हात ठेवून किंचाळला, आणि जैनबबींनी उठून माझं शटर दोन्ही बाजूंनी खाडकन ओढून घेतलं. आवाज येत राहिला, चेहरा आतच राहिला. पुढे तो पिच्चर आणखी दोनदा लागला. दोन्ही वेळा खोली भरली, कडी हलली आणि शटर खाडकन बंद झालं.

तेव्हापासून धर्मेंद्र शपथेवर सांगू लागला, “फटीतून पाह्यलं मी. त्याले डोळेच नाईत!” अय्युब म्हणे, “डोळे हायेत. दात पाह्य त्याचे, हनुवटीपर्यंत!” हा वाद शाळेत चालला, लग्नांच्या पंगतीत चालला, दोघांचे केस पिकले तरी चालला. खरा चेहरा फक्त मला माहीत होता, आणि ते ओझं मला पेलवत नव्हतं. मित्रांनो, तो चेहरा अगदीच फाटका होता! या दोघांना तो कधी दिसला तर काय वाटेल, या चिंतेने माझं लाकूड आक्रसायचं.

मग रंगीत टीव्ही आले आणि माझं कौतुक सरलं. मेकॅनिकने माझी काच आणि तारा काढून नेल्या. भंगारवाला दारात आला तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. पण जैनबबी म्हणाल्या, “खोकं राहू दे बाप्पा. शटर चांगलं हाये त्याचं.” आणि माझ्या पोटात औषधं आली. अब्बा गेले, दुकान अय्युबकडे आलं. मी कोपऱ्यात उभा राहून घरातले खोकले ऐकू लागलो.

यंदा दिवाळीनंतर अय्युबच्या छातीत कळ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. छाती उघडावी लागणार होती. अय्युब सगळ्यांना सांगे, “काई नाई, आजकाल साधी गोष्ट हाये.” पण दुपारी घर निजलं की तो माझ्यासमोर येऊन बसायचा आणि माझं शटर उघडायचा, लावायचा, परत उघडायचा. खर्रर... खर्रर. गोळी नको, दोरा नको, नुसतं उगाच. त्याची बोटं गार पडलेली मला कळत. एवढा पन्नाशीचा माणूस, रोज मणभर कापूस उचलणारा, आणि त्याला धीर द्यायला माझ्याकडे साधा आवाजही नव्हता.

त्याची मुलगी जेबा अमरावतीला कॉलेजात शिकते. ऑपरेशनसाठी नागपूरला जायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. तिने शटरशी चाळा करणारे बापाचे हात पाहिले असावेत. दुपारी ती टॅब घेऊन आली आणि म्हणाली, “अब्बू, तुमचा खिडकीवाला पिच्चर सापडला! कोणीतरी जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर टाकलाय.” अय्युब ताडकन उठून बसला. “धर्मेंद्रले बोलाव,” एवढंच म्हणाला.

जेबाने माझ्या पोटातून गोळ्यांचे डबे बाहेर काढले आणि जिथे माझी काच होती तिथे टॅब उभा केला. मित्रांनो, माझं काय झालं असेल! इतक्या वर्षांनी माझ्या चौकटीत चित्र आलं आणि माझा जीव नुसता थाड थाड करू लागला. हा तोच पिच्चर होता आणि तोच चेहरा पुढे येणार होता. खिडक्यांवर चादरी टाकून अंधार केला. धर्मेंद्र आला. अय्युबची बायको शाइस्ता नागपूरची पिशवी भरता भरता दाराशी टेकली. आणि जैनबबी काठी टेकत आल्या आणि माझ्या शटरपाशी खुर्ची घेऊन बसल्या. अगदी पूर्वीच्याच जागी.

जेबाला आधी हसू आलं. “अब्बू, चंद्र कागदाचा आहे!” तिच्या फोनवरच्या पिच्चरांत रक्ताचे पाट वाहतात आणि ती ते पोहे खाता खाता पाहते. पण कडी हलली, थांबली, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. जेबाने हळूच पाय वर घेतले. “काहीच होत नाहीये,” ती म्हणाली, “मग मला भीती कायची वाटतेय?”

“चूप बस ना!” धर्मेंद्र म्हणाला. तोही तिच्याकडे सरकला होता.

शेवट आला. जैनबबींचा हात शटरवर गेला. “लावू का रे बेटा?”

“राहू दे अम्मी,” अय्युब म्हणाला. “आज पाहू दे. नंतरचं काय सांगता येते?”

कडी खाली पडली. फळ्या करकरल्या. आणि खाडकन माझं शटर बंद झालं!

आत तो चेहरा एकट्या मलाच दिसून गेला. बाहेरून आवाज आले.

“अम्मी! काहून लावलं? मी नाही म्हणलो होतो ना!”

“तू म्हणशीन. मले नाई पाहवत.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! मले भेव वाटते त्या खिडकीचं. तवाबी वाटे, आताबी वाटते.”

“मले तं वाटे तू माह्यासाठी लावत होती.”

“तुह्यासाठी? तू तं बोंबले बी आन् डोळे फाडून पाहे बी! तुह्या नावावर मी माहं भेव झाकून घेतलं.”

धर्मेंद्र हसू लागला आणि मध्येच थांबला, कारण अय्युब हसत नव्हता. त्याने शटर थोडं बाजूला केलं, पण टॅबकडे पाहिलं नाही. आईकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “अम्मी, मलेबी भेव वाटून राहिलं. पिच्चरचं नाई.”

“मालूम हाये मले,” जैनबबी म्हणाल्या. “मलेबी त्याचंच वाटून राहिलं. रोटी उतरत नाई.” त्यांनी त्याचा गार हात आपल्या हातात घेतला. “पण तवा मले एवढं भेव वाटे, तरी शटर कोण ओढे? मीच ना? उद्याबी दवाखान्याच्या दरवाजापाशी मीच बसून राहीन. तू खुशाल डोळे मिटून घेजो.”

मग अय्युब रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. आणि त्यानंतर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. जेबाने टॅब काढून घेतला, तेव्हा तो म्हणाला, “राहिलेला पिच्चर वापस आल्यावर पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्रच्या गाडीतून सगळे नागपूरला गेले. जाताना शाइस्ताने सवयीने माझं शटर लावून टाकलं.

आता ऐका माझी दशा. आयुष्यभर मी शटरच्या आत बसून बाहेरच्यांना घाबरवलं. आता मी आत होतो आणि जे काही घडायचं ते बाहेर घडत होतं. पोटात औषधांचे डबेही नव्हते. धर्मेंद्रची आई इंदूबाई रोज अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला येई आणि फोनवर बोले. “हो का... बरं... बरं...” एवढंच मला ऐकू येई. त्या ‘बरं’चा मी किती प्रकारे अर्थ लावला! दिवस किती गेले ते मला कळलं नाही. मला नको नको ते दिसू लागलं. न दिसणाऱ्या चेहऱ्याची भीती काय असते, ते त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं.

मग एकदा कुलूप वाजलं. खूप पावलं आत आली, पण कोणी बोलत नव्हतं. जैनबबींचा हुंदका ऐकू आला. अय्युबचा आवाज कुठे आहे? मी ऐकत राहिलो. अय्युबचा आवाज नव्हता. आणि मग शाइस्ता म्हणाली, “सांभाळून... सांभाळून.”

मित्रांनो, तो माझ्या पुठ्ठ्यावरचा शब्द! शाबूत असलेल्या नाजूक वस्तूलाच तो लावतात. शटर खर्रर करत सरकलं. समोर दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला, ओठ सुकलेला चेहरा. खरं सांगतो, खिडकीतल्या भुतापेक्षा तो चेहरा भेसूर होता. आणि इतका सुंदर चेहरा मी माझ्या काचेवरही कधी पाहिला नव्हता.

“लावा राहिलेला पिच्चर,” अय्युब हळूच म्हणाला. त्याला मोठ्याने बोलायला मनाई होती.

टॅब लागला. कडी पडली, खिडकी उघडली आणि चेहरा आला. मी लाजेने मरायचा बाकी होतो. पांढरा रंग फासलेला एक साधा माणूस, चिकटवलेल्या जाड भुवया, आणि त्यातली एक सुटून गालावर लोंबत होती.

“अरे, कापूस हाये हा!” अय्युब म्हणाला. “गादीतला जुना कापूस!” आणि छाती दोन्ही हातांनी दाबून तो हसू लागला. “हसवू नका रे, टाके तुटतीन...”

“डोळे तं हायेत याले,” धर्मेंद्र खट्टू होऊन म्हणाला. “दात कुठी गेले मग तुहे?”

जैनबबी पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. “गेला का तो?”

“अम्मी, पाह्य तरी! कापूस हाये. आपल्या दुकानातल्यासारखा.”

“कापूस असो नाई तं काई असो. ते शटर लाव पयले!”

या वेळी शटर अय्युबने लावलं. सावकाश, एका हाताने. त्याचा दुसरा हात आईच्या पाठीवर होता.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरात कोणी घाबरलं असेल तर “त्यात काय एवढं!” असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. तुम्हालाही भीती वाटत असेल तर तसं सांगा आणि तरीही बसा. आणि घरातलं एखादं जुनं खोकं भंगारात द्यायच्या आधी त्याचं शटर एकदा हलक्या हाताने सरकवून पाहा. आत कोणीतरी काळजीत असतं.

आणि हो, त्या भुवईचं मोहल्ल्यात कोणाला सांगू नका. काल संध्याकाळीच ओट्यावर पोट्टे जमले होते आणि धर्मेंद्र त्यांना सांगत होता, “त्याले डोळेच नाईत.” आणि अय्युब खुर्चीतून बारीक आवाजात म्हणत होता, “डोळे हायेत. दात पाह्य त्याचे, हनुवटीपर्यंत.”