रिपीटर गेला त्या दुपारी

मी बोलतोय. ऐकू येतंय ना? आधी तेवढं सांगा. पलीकडे कुणी ऐकतंय हे कळल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

मी जंगलात वापरायचा एक वायरलेस सेट. काळा, मुठीत मावणारा, डोक्यावर आखूड रबरी अँटेना. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, शहरात एखाद्या हवालदाराच्या खांद्यावर मिरवेन. नशिबात वाशीम जिल्ह्यातले डोंगर होते. जऊळक्याच्या पलीकडच्या त्या घळींमध्ये मोबाइल नुसता घड्याळ बघायच्या कामाचा.

माझा आवाजही डोंगर ओलांडून जात नाही. म्हणून सगळ्यात उंच टेकडीवर रिपीटर बसवला होता. पत्र्याची पेटी, वर खांब, बाजूला सौर पॅनेल. आमचा क्षीण आवाज तो झेलायचा आणि जोरानं पलीकडच्या खोऱ्यात टाकायचा. बोलून बटण सोडलं की त्याचा बारीकसा ‘खस्स’ ऐकू यायचा. तो आला की समजायचं, निरोप पुढे गेला.

मी वनरक्षक निताच्या कमरेला असायचो. माझा जोडीदार सेट होता वनमजूर इंद्रभानकाकांकडे. काका रिठद गावचे, वयानं मोठे आणि बोलघेवडे. “म्याडम, आयकून राह्यल्या का? इकडं एक अस्वल बोरं खाऊन राह्यलं, लेकरावानी!” निता हसायची आणि म्हणायची, “काका, बॅटरी खाता तुमी माही.” ती थट्टा नव्हती. माझी बॅटरी खरंच म्हातारी झाली होती. नवी येणार, येणार म्हणता म्हणता उन्हाळा लागला.

तेंदूपानाचे दिवस होते. दुपारी खालच्या अंगाला धूर दिसला. गावातली गोमतीबाई आपल्या दोन सुनांना घेऊन घळीत पानं तोडायला उतरली होती. “मी घेऊन येतो तिले,” म्हणत काका पायवाटेनं खाली गेले. निता वर डोंगराच्या धारेवरच थांबली, धुरावर नजर ठेवून.

मग वारा फिरला.

माणसं भ्यायली की मला आधी कळतं. निताचा तळवा एकदम ओला झाला. वणवा नाल्याकडे न जाता कडेनं वर चढत होता. पाहता पाहता त्यानं घळीतून वर येणारी पायवाट गाठली. काका त्या बायांना घेऊन त्याच वाटेनं यायला निघणार होते. झाडीतून त्यांना पुढचं काहीच दिसलं नसतं.

नितानं बोलायचं बटण दाबलं. “काका, वरते येऊ नोका! वाट पेटली. नाल्यानं खालते जा!”

बटण सोडलं. खस्स आला नाही.

तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. आम्ही दोघांनी टेकडीकडे पाहिलं. रिपीटरचा खांब धुरात बुडाला होता आणि पेटीखाली गवत जळत होतं. इतकी वर्षं आमचं सगळं बोलणं ज्यानं वाहिलं, तो काही न बोलता गेला.

माझ्यावर आणखी एक बटण आहे. ते दाबलं की रिपीटरला वगळून थेट दुसऱ्या सेटशी बोलता येतं, पण मध्ये डोंगर नको. शिवाय समोरच्यानंही ते दाबायला हवं. नाही तर त्याला आपलं ऐकू येतं, आपल्याला त्याचं येत नाही.

घळ नजरेत यावी म्हणून निता धार सोडून खाली उतरली, आगीच्याच दिशेनं. पायाखालचे दगड निसटत होते. एका सुळक्यावर ती थांबली. ते थेट बोलायचं बटण दाबून तिनं मला तोंडाशी धरलं.

“काका, वरते येऊ नोका. नाल्यानं जा. आयकू येते का? काका, काही तं बोला!”

उत्तर नाही. माझ्या पोटातून बॅटरी संपत आल्याचा टिक-टिक आवाज सुरू झाला. निता थांबली नाही. ती बोलतच राहिली, “नाल्यानं जा, नाल्यानं...” आणि मधेच माझा दिवा विझला.

त्यानंतर मी मुका होतो, पण तिच्या मुठीत होतो. ती दुसऱ्या अंगानं नाल्याकडे धावली. धुरातून आधी गोमतीबाई दिसली, मागे दोघी सुना, पदरानं तोंडं झाकलेल्या.

“काका कुठं हायेत?”

“आमाले वाटंला लावलं न् माघारी गेले, बाई,” गोमतीबाई खोकत म्हणाली. “तुहा आवाज तुटला ना. म्हणे, पोरगी जळाली असंल.”

नितानं मला खिशात कोंबलं आणि चढ धरला.

काका भेटले ते एका खडकाच्या आडोशाला. दोन्ही हात भाजलेले, भुवया उडालेल्या. निताला पाहून ते आधी चिडले.

“मी किती बार ‘आयकू येते, आयकू येते’ म्हनून राह्यलो! तुमी काहून गप झाल्या?”

“बॅटरी गेली, काका.”

काकांच्या सेटवरचं ते थेट बोलायचं बटण दाबायचंच राहून गेलं होतं. काका लहान मुलासारखे रडायला लागले.

काका वाचले. पण बोटं आखडल्यामुळे त्यांना आता बटण दाबता येत नाही. ते रिठदलाच असतात. त्यांचा सेट दुसऱ्याकडे गेला. टेकडीवर अजून नुसतं जळकं लोखंड उभं आहे. माझ्यात नवी बॅटरी आली, मी रोज निताबरोबर डोंगर चढतो, आणि वारा फिरला की मला ती दुपार आठवते. मला आगीचं भय आहेच, पण त्याहून मोठं भय आहे अर्ध्यावर तुटलेल्या वाक्याचं. ते ऐकणारा माणूस उरलेलं स्वतःच्या मनानं भरतो, आणि भीतीनं भरतो.

म्हणून एवढंच मागतो. मला भरपेट चार्ज करा. टेकडीवर पुन्हा आमचा आवाज झेलणारा कुणीतरी उभा करा. आणि तुम्ही कुठूनही, कशावरूनही बोलत असाल, तर बंद करण्याआधी तसं सांगत जा. दूर कुठेतरी कुणी उत्तर देत असेल. ते तुमच्यापर्यंत येत नसेल, इतकंच.

माझं बोलणं संपलं. मी सुखरूप आहे. आता बंद करतो.