मृगातला उपरा डाग

आमच्या ह्यांना संशय यायला कारण लागत नाही. तोफूवाली जरा जास्त हसली, तर हे घरी येऊन तोफूचं वजन करतात.

त्यातून मिनेगिशीसान पडले नागोयाहून आलेले दातांचे डॉक्टर. आमच्या डोंगरातल्या खगोल मंडळात त्यांना वर्षही झालं नव्हतं. तरी वसंतातल्या प्रदर्शनात त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा असा फोटो लावला, की लोक तिथून हलेनात. मीही हलले नाही. मिसोचं सूप निवायला ठेवलं की तळातून ढग उठतात, तसे निळे-करडे ढग, आणि त्यांच्या पोटात नुकते जन्मलेले तारे. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

"नवऱ्याचे फोटो पाहून कधी रडली नाहीस," हे पुटपुटले. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोटोला नाकच लावलं. "हा पंखा कसला?"

ढगाच्या कडेला पंख्यासारखा फिकट उजेड होता. आकाशाच्या कुठल्याच नकाशात तो नव्हता.

"रंगवलाय!"

तीस वर्षं हे थंडीत कुडकुडत कॅमेरा लावतात, ते आकाशातली एक तरी नवी गोष्ट आपल्या नावावर लागावी म्हणून. अजून हाती काही लागलेलं नाही. आणि या उपऱ्याला ती पहिल्याच हिवाळ्यात मिळावी? मंडळाचे अध्यक्ष हेच. फोटो उतरवा, माणसाला मंडळातून काढा, इथवर मजल गेली.

मिनेगिशीसाननी मुकाट्यानं लॅपटॉप उघडून मूळ फोटो दाखवले. प्रत्येकात पंखा होता.

"भिंगाची चमक," हे म्हणाले.

"दोन वेगळ्या भिंगांतून काढलेत, कुझुओकासान."

"मग दोन्ही भिकार!"

कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांनी चिडून भिंतीवरचा स्वतःचा फोटो काढून आणला. तोच तेजोमेघ, महिनाभर आधीचा. पंख्याच्या जागी नुसता काळोख.

"बघा! कुठंय पंखा?"

"हा साफसूफ केलेला आहे ना? मूळ फोटो दाखवता?"

"दाखवतो की! घाबरतो काय?"

घर समोरच होतं. हे तरातरा जाऊन आपला लॅपटॉप घेऊन आले, फोटो उघडला, आणि त्यांचा हात तिथंच थांबला. पंखा होता. फिकट, पण तोच.

फोटो घासूनपुसून लख्ख करायची ह्यांना भारी हौस. डागाचा संशय आला की पुसायचा. हाही चमक म्हणून पुसला होता.

"म्हणजे चमक नाही. तेव्हा फिकट, आता ठळक; आतला तारा आत्ताच पेटलाय," मिनेगिशीसान दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवत म्हणाले. "त्याच्या उजेडानं ढग उजळलाय. आणि तो आधी तुम्ही टिपलात. वेधशाळेला तुम्हीच कळवा, तुमच्या नावानं."

ह्यांनी फोन उचलला. इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणी मला ह्यांचाच संशय आला. घेणार, हा माणूस नाव घेणार, असं वाटून मी मान खाली घातली.

"मृगात नवा तेजोमेघ दिसलाय," हे म्हणाले. "शोध मिनेगिशी यांचा. लिहून घ्या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो, त्याआधीचा फोटो आहे. माझाच." ह्यांनी पलीकडचा पुढचा प्रश्न ऐकून घेतला. "नाही, नाही. मी शोधला नाही. मी पुसला."