गाडी नुसतीच कट-कट करते

सर अठ्ठावीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यामुळे त्या सकाळी चावी फिरवल्यावर गाडी नुसतीच 'कट-कट-कट-कट' करून गप्प बसली, तेव्हा त्यांना काळजी वाटायच्या आधी थोडा आनंदच झाला. शेजारी बायको, मागच्या सीटवर सासरे. दारं लावून बसलेले असे श्रोते वर्गात कुठे मिळतात?

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. दहा वाजता अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि आता नऊ वाजून गेले होते.

"टॅक्सी बोलावू का?" बायकोने विचारलं.

"थांब गं. आधी निदान, मग उपचार."

सरांनी हॉर्न दाबला. तो ठणाणला. लाइट लावले, लख्ख पडले. "बघ, बॅटरी ठणठणीत. म्हणजे स्टार्टर गेला. साधी वजाबाकी आहे."

"जावईबापू, मी काय म्हणतो..." मागून अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही स्वस्थ बसा. डोळ्यांवर ताण नको."

बोलल्याने डोळ्यांवर ताण कसा येईल, हा प्रश्न सरांना फार उशिरा सुचला.

स्टार्टरला हलकेच ठोकलं की तो कधीकधी चालतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बॉनेट उघडून त्यांनी छत्रीच्या दांड्याने एका काळ्या डब्याला चांगल्या चार टपल्या मारल्या. तेवढ्यात शेजारचे दंतवैद्य धावण्याचे बूट घालून आले आणि म्हणाले, "सर, ती काच धुवायच्या पाण्याची टाकी आहे."

"माहीत आहे," सर म्हणाले. माहीत नव्हतं.

मग धक्का मारायचं ठरलं, म्हणजे सरांनीच ठरवलं. दंतवैद्य मागून रेटत होते, सर दारातून एक हात आत घालून स्टिअरिंग धरून ढकलत होते. गाडी फाटकापर्यंत गेली. दंतवैद्यांनी घाम पुसत आत डोकावलं. "सर, ही ऑटोमॅटिक ना?"

"हो."

"या धक्क्याने सुरू होत नाहीत हो."

आता हे मात्र सरांना खरंच माहीत होतं. शिकवलंही होतं. पण माणूस घाईत असला की स्वतःचं व्याख्यान स्वतःच्याच उपयोगी पडत नाही. गाडी फाटकात आडवी उभी होती, आणि आत अडकली होती ती दंतवैद्यांची गाडी.

बायकोने टॅक्सी मागवली. वीस मिनिटं लागतील, असं उत्तर आलं.

"आता बोलू का?" अण्णांनी विचारलं.

अण्णांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. त्यांच्या खोलीत रात्रंदिवस हजारो रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे छोटे स्विच, कटकटायचे, आणि कुठला नीट वाजतोय नि कुठला रडतोय, हे अण्णा कानाने सांगायचे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

"स्टार्टर गेला असता तर बहुधा एकदाच 'कट' झालं असतं," अण्णा म्हणाले. "ही सारखी कटकटतेय. म्हणजे रिले ओढतोय आणि लगेच सोडतोय, ऐन वेळी करंट कमी पडतोय म्हणून. लाइट लावून चावी फिरवा. तू पुढे उभी राहा गं."

सरांनी चावी फिरवली. "पार विझले!" बायको ओरडली. चावी सोडली. "परत लख्ख!"

"बघा. टाकीत पाणी आहे, पण नळात अडतंय. गाडी बंद करा आणि मला बॅटरीपाशी न्या."

बायकोने हात धरून त्यांना पुढे आणलं. अण्णांनी चाचपत बॅटरीच्या तारेचं टोक धरलं आणि ते सहज गरकन फिरलं.

रविवारी सरांनीच ती टोकं काढून घासली होती. परत बसवताना पाना सापडेना, म्हणून नट बोटांनीच आवळले होते, आणि जेवताना 'मेकॅनिककडे जायची गरजच काय?' असं तासभर ऐकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

"धक्के बसून सैल होतं कधीकधी," अण्णा शांतपणे म्हणाले. बायकोने वरून पकड आणून नट आवळला. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि फाटक मोकळं झाल्यावर आणखी मनापासून वाजवल्या. बायकोने टॅक्सी रद्द केली.

दोन चौक गेले. तिसऱ्या चौकातल्या सिग्नलला सरांना राहवेना. "अण्णा, ते सैल मीच ठेवलं होतं."

"कळलं होतं मला. बोटांनी आवळलेला नट बोटांना कळतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी एकदा एक वायर चुकीच्या जागी लावली. अर्ध्या गावाचे फोन दोन तास बंद. साहेबांसकट सगळ्यांबरोबर मीही बिघाड शोधत हिंडलो, सगळ्यांत पुढे! आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं."

बायको आधी हसली. मग सर हसू लागले, आणि सिग्नल सुटला म्हणून मागे हॉर्न वाजायला लागले तरी तिघांचं हसू थांबेना.

दवाखान्यात पोचले तेव्हा अकरा मिनिटं उशीर झाला होता. नर्सने अण्णांचं ब्लडप्रेशर तपासलं आणि भुवया उंचावल्या. "थोडं वाढलंय, आजोबा. कसला ताण घेतलाय का?"

"ताण कसला?" अण्णा म्हणाले. "जावई घेऊन आलाय."