चारही बाजू एकेक मीटर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चौकट आहे आणि मला राग आलेला आहे. तो लपवून तुमच्याशी गोड बोलणं मला जमणार नाही.

लोहाराने चार सळया जोडून मला घडवलं. प्रत्येक बाजू बरोबर एक मीटर. जमीन न थकवता लहान शेतकरी जास्त पीक काढू शकतात का, हे तपासण्याचं माझं काम. मोजणीसाहेब मला उभ्या पिकात ठेवत, माझ्या आतलं पीक काढत आणि दाण्यांचं वजन लिहून घेत. "हिच्याशिवाय आमचं पान हलत नाही," असं ते कौतुकाने सांगत. मीही फुगून जाई.

मग साहेबांच्याच जीपचं चाक माझ्यावरून गेलं. मी एका अंगाला कलले. साहेबांनी पाहिलं, "चालतंय" म्हणाले आणि मला गाडीत टाकलं.

त्याच हंगामात आम्ही एका विधवेच्या अर्ध्या एकरात गेलो. तिने आधी चवळी पेरून ती मातीत गाडली होती, मग मका लावला होता. खत निम्मं, मेहनत दुप्पट. हे शेत तिच्या दिराच्या डोळ्यात खुपत होतं. घरात ठरलं होतं, की साहेबांचा आकडा वाढला तर तुकडा तिच्याकडे राहील, घटला तर दीर कसेल.

मागच्या वर्षी चारशे ग्रॅम भरले होते. यंदा तीनशे ऐंशी.

"झालं समाधान, वहिनी?" दीर हसला.

ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "साहेब, ही चौकट कललीय. आतली जागा कमी झालीय."

साहेबांनी चिडून टेप काढली आणि माझ्या चारही बाजू मोजल्या. "एकेक मीटर. दिसतंय ना, बाई?"

"बाजू तेवढ्याच राहणार हो! खाट कलली म्हणून दांड्या काय आखूड होतात? पण गादी बसते का तिच्यात?"

"आता मोजणी तुम्ही शिकवणार आम्हाला?"

आकडा तसाच वरच्या कचेरीत गेला. तिचा तुकडाही गेला. माझ्या कोपऱ्याबाहेर एक अख्खं ताट राहिलं होतं, कणसासकट. ते मला दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या साहेबाला मी कधीच माफ करणार नाही.

नवी चौकट मिळाल्यावर साहेबांनी मला त्या विधवेच्या अंगणात फेकलं. जाता-येता ती मला लाथ मारते. मी तक्रार करत नाही.

पुढच्या वर्षी दिराच्या मक्याचे साडेचारशे ग्रॅम भरले. त्या मातीत तिचीच चवळी मुरली होती. साहेब त्याची पाठ थोपटत असताना ती मला ओढत घेऊन आली आणि तिने मला नव्या चौकटीवर आदळलं. नवी चौकट एका बाजूने माझ्याबाहेर वीतभर उरली. सगळ्यांनी पाहिलं. दीर खाली बघू लागला.

"मागचं पान बंद झालंय, बाई," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

मित्रांनो, माप वाकलं तर त्याच दिवशी सरळ करा. चालतंय म्हणू नका. आणि कोणी तुमच्या कष्टाचं मोजमाप घ्यायला आलं, तर आधी त्याचं माप तपासा, कितीही चिडला तरी.

तुकडा अजून दिराकडेच आहे. चवळी पेरायला त्याला कंटाळा येतो.