न ओवलेला दोरा

सूर्य मावळला की माझं मौन सुरू होतं, ते पहिली चांदणी दिसेपर्यंत. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. एरवी अडचण येत नाही. गच्चीवर जाते, देवाचं नाव घेते, चांदणी दिसली की खाली येऊन भाजी फोडणीला टाकते.

त्या दिवशी मात्र सुनेच्या प्रदर्शनाला जायचं होतं. चित्रकार फार मोठा. बिस्किटांच्या डब्यांवर नि कॅलेंडरांवर त्याची चित्रं पाहतच आम्ही म्हाताऱ्या झालो. बागेतल्या उंच पडद्यांवर, झाडांवर, पायाखालच्या फरशीवर ती चित्रं प्रकाशानं उमटवायची आणि हलवायची, हे सुनेचं काम. तिकिटं उद्यापासून, आज रंगीत तालीम म्हणून फक्त काम करणाऱ्यांच्या घरची माणसं बोलावलेली.

निघताना तिचा जीव टांगणीला लागला होता. "आई, शेवटचं चित्र मी हलवलेलं नाही. सुईत दोरा ओवणारी बाई. साहेब म्हणतात, दोरा गेला पाहिजे, सुई चमकली पाहिजे, टाळ्या पडल्या पाहिजेत. मी म्हटलं, चित्रकारानं ओवला नाही, तर आपण कोण ओवणारे? आज लोक बसून राहिले तर चित्र तसंच राहील. उठून गेले तर उद्यापासून दोरा ओवायचा."

"बसतील गं," मी म्हटलं. गप्प बसण्यात काय गोडी असते, ते मला ठाऊक होतं.

बागेत पोचलो, सूर्य बुडाला आणि मी गप्प झाले. नणंदबाई खुशीत. "वहिनी, आता तुझ्या वाटचंही मीच बोलते. नवीन काय त्यात!"

खेळ सुरू झाला. लाटा पायांवरून गेल्या, घोडे झाडांमधून दौडले, रंगीत कोंबडा नणंदबाईंच्या खांद्यावर येऊन बसला. "अगं हाकल गं याला!" त्या ओरडल्या. उजेड इतका, की आभाळ पांढुरकं पडलेलं. त्यात चांदणी कुठून दिसणार? माझं मौन लांबत चाललं.

मग संगीत थांबलं. झगमग विझली. समोर एकच बाई, खिडकीपाशी. एका हातात सुई, दुसऱ्या हातात ओलं केलेलं दोऱ्याचं टोक. उजेड कंदिलाएवढा. हालचाल नाही.

"बंद पडलं वाटतं," मागून कोणी बोललं.

"वायर निघाली असेल. चला, नंतर गाडी काढायला गर्दी होते."

खुर्च्या सरकू लागल्या. साहेब यंत्रांच्या टेबलाकडे निघाले. सून खांबाला टेकून नखं खात होती.

मी वर पाहिलं. उजेड मंदावला तसं आभाळ आपल्या रंगावर आलं होतं, आणि पडद्याच्या वर ठळक चांदणी.

मी उठून उभी राहिले. "बंद नाही पडलं. ती दोरा ओवतेय. गडबड केलीत तर तिचा हात हलेल. जरा बसा."

माझा आवाज तो केवढा! मागच्या रांगेपर्यंतही जाईना. पण नणंदबाईंनी तो उचलला. "ऐकलंत का? आमची वहिनी चांदणी दिसल्याशिवाय तोंड उघडत नाही. आता उघडलंय, तर बसा खाली!"

हशा पिकला आणि हशाबरोबर माणसंही बसली. मग हसणं विरलं. पुढचे एक आजोबा डोळे बारीक करून पाहू लागले. नणंदबाईंनी नकळत चिमूट धरली. साहेब टेबलापाशी पोचले होते, पण बटणापाशी नेलेला हात तसाच राहिला. मान पुढे झुकलेली. आता जाईल दोरा, मग जाईल.

गेला नाही. हळूहळू बागेतले दिवे लागले, तरी बराच वेळ कोणी उठेना.

"गेला का हो शेवटी?" शेजारच्या बाईंनी कुजबुजत विचारलं.

साहेब सुनेपाशी आले. "राहू दे तसाच," म्हणाले. "पण उद्या लोकांना बसवणार कोण?"

"मी आहे की!" नणंदबाई म्हणाल्या. "मला रोजचा पास द्या. वहिनीला नको, ती आपली गच्चीवर बरी."

"मलाही द्या," मी म्हटलं. "चांदणी इथूनही दिसते."